कोपर: इंजेक्शन, ऑपरेशन, की नुसतं थांबायचं?

अर्धविराम

मंडळी, टाके निघून आज पाच आठवडे झाले. दोन्ही हातांनी टंकता यायला लागलंय, म्हणून हा धागा.

आधी माझा मूर्खपणा सांगते. वर्षभरापूर्वी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. कोपर दुखतंय म्हणजे टेनिस एल्बो, एवढंच माझं ज्ञान. पट्टा आणला, आवळून बांधला आणि कामाला लागले. काम मुद्रितशोधनाचं, त्यामुळे दिवसभर कोपर टेबलावर आणि हनुवटी तळहातावर. रात्री हात दुमडून उशीखाली घालून झोपायची सवय. पहाटे जाग यायची तेव्हा करंगळी आणि शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू बधिर झालेली असायची. हात झटकला की जायचं. कधी मानेला दोष दिला, कधी बी-ट्वेल्व्हला, आणि आठ महिने असेच काढले.

मग एक दिवस कुलपात किल्ली फिरेना. कुलूपच बिघडलंय म्हणून वैतागले, तर डाव्या हाताने अलगद फिरली. त्या रात्री दिव्याखाली दोन्ही हात शेजारी शेजारी धरून पाहिले. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला जो मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता.

डॉक्टरांनी पट्टा पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. दोन्ही हातांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरायला दिला, म्हणाले मी ओढतो, तुम्ही सोडू नका. डावा अंगठा सरळ राहिला. उजव्याचं टोक आपोआप वाकलं. चिमटीतला मूळ स्नायू दमला की दुसरा स्नायू अंगठ्याचं टोक वाकवून त्याचं काम करायला धावतो, म्हणून असं होतं. पुढे नसेची विद्युत तपासणी झाली, पण निदान त्या कागदावरच झालं होतं.

कोपर दाराच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत जी वीज चमकते ना, ती हाडाची नसते, अल्नर नावाच्या नसेची असते. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून ती एका अरुंद बोगद्यातून जाते. कोपर वाकवलं की बोगदा आणखी अरुंद होतो आणि नस ताणली जाते. हाताच्या नसा दबण्याच्या प्रकारांत मनगटातल्या कार्पल टनेलच्या खालोखाल हाच नंबर. सुरुवातीला उपाय अगदी साधे असतात. रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळायचा म्हणजे हात दुमडत नाही, कोपर टेकवायचं नाही, फोन कानाला लावून तासभर गप्पा मारायच्या नाहीत. मी यातलं एकही केलं नाही, आणि वर पट्ट्याने करकचून बांधलं!

ऑपरेशनमध्ये बोगद्याचं छत कापून नस मोकळी करतात. बहुतेकांना तेवढं पुरतं. माझी नस कोपर वाकवलं की हाडावरून टुणकन पुढे घसरत होती, म्हणून तिला उंचवट्याच्या पुढच्या बाजूला आणून ठेवलं. त्याच दिवशी घरी आले. रात्रीच्या मुंग्या पंधरा दिवसांत गेल्या. खळगा मात्र आहे तसाच आहे. नसेचे मेलेले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात, आणि कोपरापासून त्या खळग्यापर्यंत पंचवीस-तीस सेंटीमीटर. भागाकार मी रोज करते.

तुमचे अनुभव लिहा. फक्त 'कोपर दुखतं' असं लिहू नका. बाहेरून, आतून, मागून की समोरून ते लिहा. मला हे कोणी वर्षभरापूर्वी विचारायला हवं होतं.

कव्हरड्राइव्ह

माझं बाहेरून. अस्सल टेनिस एल्बो, आणि आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. घराला स्वतः रंग द्यायची हौस नडली. भरलेला तांब्या उचलला की कळ, दाराची मूठ फिरवली की कळ, कोणी जोरात हात मिळवला तर डोळ्यांत पाणी.

स्टेरॉइडचं पहिलं इंजेक्शन घेतलं आणि चौथ्या दिवशी मी उड्या मारत होतो. अडीच महिन्यांनी दुखणं परत, आधीपेक्षा जास्त. दुसरं घेतलं, तेही तसंच. आता तिसरं घ्यायचं का सरळ ऑपरेशन? सचिननेही शेवटी २००५ च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशनच करून घेतलं होतं ना? नंतर तो किती वर्षं खेळला ते सगळ्यांना माहीत आहे.

अस्थिर

कव्हरड्राइव्ह, तिसरं नको. (मी हाडांचा डॉक्टर आहे. इथे लिहितो ते सर्वसाधारण, तपासणीची जागा धागा घेत नाही.)

टेनिस एल्बोला वैद्यकीय भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ 'दाह' असा होतो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंपैकी एकाची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेली असते. ती झिजून, बारीक फाटून, धड भरून न येता तशीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले धागे आणि वेड्यावाकड्या नव्या रक्तवाहिन्या. स्टेरॉइड वेदना दाबतं, कंडरा दुरुस्त करत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६५ रुग्ण होते. बरं वाटल्यानंतर वर्षभरात दुखणं उलटलेल्यांचं प्रमाण स्टेरॉइडच्या गटात ५४ टक्के, आणि नुसतं दिखाऊ इंजेक्शन दिलेल्यांत १२ टक्के. तुमची गोष्ट हुबेहूब तीच आहे.

हा आजार पस्तिशी ते पंचावन्न या वयाचा. दहातले आठ-नऊ जण वर्ष-दीड वर्षात ऑपरेशनशिवाय बरे होतात. म्हणून सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही काम अडत असेल तरच चाकू. ऑपरेशन म्हणजे खराब झालेला कंडरेचा तुकडा काढून टाकणं, दोन-तीन सेंटीमीटरच्या छेदातून किंवा दुर्बिणीतून. वर्षभरानंतर दोन्हींत फारसा फरक उरत नाही, त्यामुळे दुर्बिणीच्या झगमगाटाला भुलू नका. सचिनचं म्हणाल तर ज्याची रोजीरोटी दीड किलोच्या आसपासच्या बॅटवर आहे त्याचं आणि रंगाच्या ब्रशवाल्याचं गणित एकच कसं असेल?

घरी एक करून पाहा. कोपर सरळ ठेवून, तळवा खाली करून, मधलं बोट वर उचला आणि दुसऱ्या हाताने ते दाबा. बाहेरच्या उंचवट्यावर कळ आली तर संशय बळावतो. आतल्या बाजूला असंच दुखणं असतं त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. उपचार तेच, फक्त तिथे ऑपरेशन करताना अर्धविराम ताईंची ती नस शेजारी बसलेली असते, म्हणून सर्जन अधिक कचरतो.

टवाळ

हाडाच्या डॉक्टरचं नाव 'अस्थिर'! आणि आम्ही याच्याकडून हाड स्थिर करून घ्यायचं.

हळूहळू

फिजिओ आहे, म्हणून व्यायामाचं मी लिहिते. 'नीट व्यायाम' म्हणजे चेंडू दाबणं नव्हे. चेंडू दाबून टेनिस एल्बो वाढवून आलेले कितीतरी लोक मी पाहते.

टेबलावर हात ठेवा, तळवा खाली, पंजा कडेच्या बाहेर. हातात अर्धा किलोचं वजन. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्या आणि मग दुखऱ्या हाताने सावकाश, मनात पाचपर्यंत मोजत, खाली सोडा. पंधरा वेळा, तीनदा. कंडरेला भार मिळतो तो सोडताना. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळलं तर वजन कमी करा. सहा आठवड्यांच्या आत 'काहीच फरक नाही' म्हणून येऊ नका. बाराव्या आठवड्यात बोलू.

आणि पट्टा! तो उंचवट्यावर नाही बांधायचा. उंचवट्यापासून दोन बोटं खाली, स्नायूवर, आणि फक्त कामाच्या वेळी. झोपताना तर अजिबात नाही.

दोनपिल्लं

आमच्याकडे दोन वेगवेगळी कोपरं झाली, दोन वेगवेगळ्या पोरांची.

धाकटी दोन वर्षांची असताना रस्ता ओलांडताना तिच्या बाबांनी हाताला धरून खस्सकन ओढलं. त्यानंतर ती हात हलवेचना, अंगाशी लटकवून बसली. आम्ही घाबरून गेलो. डॉक्टरांनी बोलता बोलता पंजा फिरवून कोपर वाकवलं, बारीकसा 'कट' झाला, आणि पाच मिनिटांत तिने त्याच हाताने त्यांचा पेन पळवला. एवढ्या लहान मुलांत हाडाच्या टोकाभोवतीची कडी सैल असते, ओढलं की हाड तिच्यातून निसटतं. चार-पाच वर्षांनंतर सहसा होत नाही म्हणे.

मोठ्याचं गंभीर. सहा वर्षांचा, झोक्याच्या वरच्या दांड्याला लोंबकळत होता, सरळ हातावर पडला. कोपर इंग्रजी एससारखं दिसत होतं. मला वाटलं आता प्लास्टर. पण डॉक्टर क्ष-किरण पाहायच्या आधीच त्याच्याशी खेळायला लागले! म्हणाले, 'ओके' कर, अंगठा वर कर, बोटांची फुली कर. मी मनात म्हटलं, पोराला काय करमणूक लावलीये. नंतर कळलं की तीन खुणा म्हणजे तीन नसांची तपासणी. मग मनगटाची नाडी, नखांचा रंग. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं आणि त्याच्या टोकाशेजारूनच हाताची मुख्य धमनी जाते.

रात्रीच भूल देऊन हाड बसवलं आणि बाहेरून दोन तारा घातल्या. कापाकापी नाही. चौथ्या आठवड्यात तारा बाह्यरुग्ण विभागातच काढल्या. तारा निघाल्यावर कोपर लाकडासारखं झालं होतं. घरातल्या प्रत्येकाला ते चोळून, दाबून सरळ करायचं होतं. डॉक्टर एकच म्हणाले: याला खेळू द्या आणि तुम्ही हात लावू नका. दोन-अडीच महिन्यांत आपलं आपण सुटलं.

अस्थिर

दोनपिल्लं, त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. जोर लावून चोळलेल्या कोपरात स्नायूच्या जागी हाड तयार होऊ शकतं, आणि मग ते काढायला ऑपरेशन. कोपर हा फार रागीट सांधा आहे. आणि अशा मुलाला रात्री वेदना वाढत गेली, बोटं सरळ करताना किंचाळायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नये. आतला दाब वाढून स्नायू मरायला काही तास पुरतात.

शंकासुर

इथे सगळे सर्जनच्या प्रेमात दिसतात. माझ्या वडिलांच्या कोपराच्या मागे लिंबाएवढा मऊ गोळा आला. तीनदा सुईने पाणी काढलं, तीनदा भरला. आता 'पिशवीच काढून टाकू' म्हणतात. त्यांना दुखत नाही, ताप नाही, हात पूर्ण चालतो. हे कशासाठी?

अस्थिर

तुमची शंका रास्त आहे. टेकून टेकून त्वचेखालची ती पिशवी सुजते. दुखत नसेल तर टेकणं बंद करायचं, हलकी गुंडाळी बांधायची आणि विसरायचं. महिने लागतात, पण बहुतेकदा विरतं. दर वेळी सुई म्हणजे जंतूंना दर वेळी एक दार. लाल झालं, गरम झालं, ताप आला तर मात्र लगेच दाखवा. वडिलांना गाऊटचा (युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा) त्रास आहे का तेही पाहा. त्या जागेची जखम लवकर भरत नाही, म्हणून पिशवी काढणं हा शेवटचा पर्याय.

गडगडाट

इथे विचारू का? परवा लोखंडी कपाट उतरवत होतो. समोरच्याचा हात सुटला, सगळा भार माझ्या वाकवलेल्या उजव्या हातावर आला. कोपराच्या समोर 'टक्' असा आवाज, मी ऐकला आणि शेजारच्यानेही. आज तिथे निळंकाळं पडलंय. दंडाचा गोळा जरा वर सरकल्यासारखा वाटतो. पण कोपर वाकवता येतं, दुखणंही पहिल्या दिवसापेक्षा कमी. शेक देऊन आठ-पंधरा दिवस पाहावं असा विचार आहे. स्क्रू ड्रायव्हर फिरवताना तेवढा जोर लागत नाही.

अस्थिर

शेक नको, चोळणं नको, आणि आठ-पंधरा दिवस तर मुळीच नको. उद्या सकाळी दाखवा.

आत्ता बसल्या जागी हे करा. उजवं कोपर काटकोनात, तळवा वर वळवून स्वतःकडे. आता डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या समोरच्या घडीत बाहेरच्या बाजूने आत घाला. एक ताठ दोरी लागायला हवी, जिच्यामागे बोट अडकवून पुढे ओढता येईल. मग हेच डाव्या कोपरावर करून फरक पाहा.

गडगडाट

डावीकडे दोरी आहे. उजवीकडे बोट आत जातं आणि काहीच लागत नाही.

अस्थिर

म्हणजे बायसेप्सची, दंडाच्या त्या गोळ्याची, खालची कंडरा हाडावरून निसटलेली असण्याची दाट शक्यता. वाकवायला खाली दुसरा स्नायू आहे, म्हणून तुम्हाला वाकवता येतंय आणि फसायला होतं. बायसेप्सचं मोठं काम तळवा वर फिरवण्याचं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर. दुरुस्त केलं नाही तर त्या फिरवण्याची ताकद साधारण ४० टक्के जाते, वाकवण्याची ३० टक्के. बसून काम करणाऱ्या, वयस्कर माणसाने तेवढं स्वीकारलं तर मी त्याला आग्रह करत नाही. तुम्ही कपाटं उचलता.

घाई एवढ्यासाठी की दोन-तीन आठवड्यांत ती कंडरा वर आखडून आजूबाजूला चिकटते. आधी गेलात तर ती खाली आणून हाडातल्या भोकात बटणासारख्या पट्टीने अडकवता येते. उशिरा गेलात तर दुसरीकडून कंडरा उसनी आणावी लागू शकते.

कव्हरड्राइव्ह

उसन्या कंडरेवरून आठवलं. बेसबॉलमध्ये टॉमी जॉन नावाचा गोलंदाज (तिकडे पिचर म्हणतात) होता. १९७४ मध्ये त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटलं. म्हणजे तोवरच्या हिशोबाने कारकीर्द संपली. फ्रँक जोब या सर्जनने त्याच्याच दुसऱ्या हाताच्या मनगटातली कंडरा काढून कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवली. १९७६ मध्ये तो मैदानात परतला आणि त्यानंतर १६४ सामने जिंकला. आता त्या ऑपरेशनलाच त्याचं नाव आहे.

ती कंडरा तुम्हाला आहे का ते पाहा: अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरी उठली तर आहे. जवळपास १५ टक्के लोकांत ती जन्मतःच नसते, आणि त्यांचं काही अडत नाही.

अर्धविराम

माझ्या डाव्या हाताला नाही! इतकी वर्षं कळलंच नाही. @गडगडाट, काय झालं ते नक्की कळवा.

मागचा बाक

माझं जरा वेगळं. मनगटाकडून येणाऱ्या हाडाचं कोपरातलं टोक मोडलं होतं, थोडंसंच. सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. हाड छान जुळलं, कोपर मात्र गेलं. ४५ अंशांच्या पुढे सरळ होत नाही आणि ११० च्या वर वाकत नाही. चमचा तोंडापर्यंत कसाबसा जातो, शर्टाच्या गळ्याचं बटण नाही लागत. गुडघ्यासारखा कोपराचा सांधा बदलून मिळतो का?

अस्थिर

मिळतो, पण तुम्हाला मी सुचवणार नाही. कृत्रिम कोपर बसवलं की त्या हाताने आयुष्यभर दोन-अडीच किलोच्या वर उचलायचं नाही, नाहीतर सांधा हाडातून सैल होतो. तो संधिवाताने कोपर खाऊन टाकलेल्यांसाठी, किंवा वयस्कर माणसाच्या ज्या हाडाचा चुरा झालाय त्याच्यासाठी.

रोजची बहुतेक कामं ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात. तुम्ही दोन्ही टोकांना कमी पडता. आधी हळूहळू ताण देणारा स्प्लिंट सहा महिने वापरून पाहा. नाही जमलं तर सांध्याभोवतीचं आखडलेलं आवरण सोडवायचं ऑपरेशन असतं. त्यात सर्जनचं काम दोन-तीन तासांचं आणि तुमचं दोन-तीन महिन्यांचं, हे आधीच मान्य करा. थोडंसंच मोडलेल्या त्या टोकाला हल्ली आम्ही आठवडाभरातच झोळीतून बाहेर काढून हलवायला लावतो, ते याचसाठी.

हळूहळू

दोन-तीन महिने रोज, दिवसातून चार वेळा. 'आज पाहुणे होते' चालत नाही.

गडगडाट

डाव्या हाताने टंकतोय चुका समजून घ्या. दाखवलं तेव्हा चौथा दिवस होता. दोरी नव्हतीच. सातव्या दिवशी ऑपरेशन झालं आज तिसरा दिवस. डॉक्टर म्हणाले कंडरा वर सरकायला लागली होती पण खाली आली. सहा आठवडे कपच्या वर काही उचलायचं नाही जोराचं काम चार-पाच महिन्यांनी.

एक शंका. कोपराखाली अंगठ्याच्या बाजूला हातभर पट्टा बधिर आहे. नस कापली का?

अस्थिर

बहुधा नाही. त्वचेची एक नस छेदाच्या अगदी कडेने जाते, ऑपरेशनमध्ये तिला बाजूला ओढून धरावं लागतं आणि ती रुसते. अनेकांना होतं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. तुमच्या सर्जनना सांगून ठेवा. मला जास्त काळजी दुसऱ्या नसेची असते. पंजा आणि सगळी बोटं, अंगठ्यासकट, वर उचलता येतात का?

गडगडाट

येतात. आत्ता पाचही उचलून बायकोला दाखवली. ती म्हणते आता फोन खाली ठेव.